घाटाच्या कडेची जागा

हेडफोन घातलेत ना? मग एक आवाज आठवून बघा. डोक्यावर ऊन, कर्ण्यावर निवेदकाचा चढलेला सूर, आणि तेवढ्यात हजारो गळ्यांतून एकदम निघालेलं "भिर्रर्रर्र!" जुन्नर-आंबेगावचे असाल तर पुढचं सांगायची गरजच नाही. नसाल, तर आजचा भाग खास तुमच्यासाठी.

आज आपण बोलणार आहोत प्रेक्षकाबद्दल. खेळाडूंचा इतिहास सगळे सांगतात. पण जो तिकीट काढून किंवा न काढता, तासन्‌तास ताटकळत उभा राहतो आणि काही सेकंदांसाठी जीव टाकतो, त्याचा इतिहास कोण सांगणार?

सुरुवात मुंबईतून करू. ४ आणि ५ ऑक्टोबर २०१९. वरळीच्या एनएससीआय डोममध्ये एनबीएचे भारतातले पहिले सामने झाले. सॅक्रामेंटो किंग्ज विरुद्ध इंडियाना पेसर्स. किंग्जचे मालक विवेक रणदिवे हे मूळचे मुंबईचेच. पहिल्या दिवशी स्टँड शाळेच्या मुलांनी भरला होता. सामना जादा वेळेत गेला आणि पेसर्सने तो १३२-१३१ असा एका गुणाने जिंकला. म्हणजे बघा, ज्या पोरांनी एनबीए फक्त मोबाइलवर बघितलं होतं, त्यांना पहिल्याच दिवशी श्वास रोखून धरायला लावणारा सामना मिळाला.

त्या वेळी आमच्याकडे मंचरच्या चौकात काही मित्र म्हणत होते, "आपल्याकडे असलं काही बघायला मिळत नाही राव." मला हसू आलं, आणि लगेच वाईटही वाटलं. कारण आपल्याकडे असलं होतं. पण त्या वर्षी, २०१९ मध्ये, ते बंद होतं.

आपलं स्टेडियम म्हणजे घाट. माळशेज किंवा नाणेघाटासारखा डोंगरातला रस्ता नव्हे. शर्यतीचा घाट म्हणजे चढाची धावपट्टी, दोन्ही बाजूंना माणसांची भिंत. साताऱ्या-सांगलीकडे सपाट मैदानात अनेक गाड्या एकदम सुटतात आणि गाडीत हाकणारा असतो. आपल्या उत्तर पुणे जिल्ह्यात, म्हणजे जुन्नर, आंबेगाव, खेडच्या पट्ट्यात, तऱ्हा वेगळी. एका वेळी एकच गाडा. चार बैल: पुढे जुकाटाला दोन, मागे धुरेला दोन. गाड्यावर माणूस नाही. पुढे घोडी आणि तिच्यावर स्वार. गाडा सुटला की शर्यत बैलांची आणि घड्याळाची.

आणि ती संपते किती वेळात? चांगली बारी असेल तर अकरा-बारा सेकंदांत. बास्केटबॉलमध्ये चोवीस सेकंदांचं घड्याळ असतं, तेवढ्या वेळात चेंडू बास्केटकडे टाकावाच लागतो. १९५४ मध्ये एनबीएने तो नियम आणला, कारण संथ खेळाला प्रेक्षक कंटाळले होते. आमच्या घाटात त्याच्या निम्म्या वेळात सगळा निकाल लागतो! पूर्वी हातातलं स्टॉपवॉच असायचं आणि त्यावरून भांडणंही व्हायची. आता इलेक्ट्रॉनिक घड्याळ सेकंदाचा शंभरावा भागही दाखवतं.

मग बारा सेकंदांसाठी माणूस दिवसभर उन्हात का उभा राहतो?

याचं उत्तर आंबेगाव तालुक्यातल्या नागापूरला मिळतं. तिथे थापलिंगचा खंडोबा आहे. पौष पौर्णिमेला यात्रा भरते आणि नवसाचे गाडे पळतात. कुणी पोराच्या आजारपणात बोललेलं असतं, कुणी विहिरीला पाणी लागावं म्हणून. गाडा पळाला की नवस फिटला. म्हणजे इथला गाडामालक आधी भक्त, मग स्पर्धक. आणि बघणारा? तो निव्वळ प्रेक्षक नसतोच. तो त्या नवसाचा साक्षीदार असतो. अंगावर भंडारा उडतो, तो त्याच्याही अंगावर उडतो.

एरवीच्या यात्रांचंही तसंच. तिकीट नाही, पण वर्गणी आहे. चैत्रात गावोगावच्या यात्रा सुरू झाल्या की घरी पाहुणे, दुपारी घाट आणि रात्री तमाशा. नारायणगावात तमाशाच्या राहुट्या लागतात आणि गावकरी तिथे जाऊन सुपारी देतात, ते याच हंगामासाठी. बैल बघायचा तर बेल्ह्याचा बाजार. एका शर्यतीभोवती किती जणांची चूल पेटते, ते मोजायला बसलात तर बोटं पुरणार नाहीत.

आता इतिहासातला अवघड भाग.

जुलै २०११ मध्ये केंद्र सरकारने बैलाचा समावेश अशा प्राण्यांच्या यादीत केला, ज्यांना खेळासाठी शिकवता किंवा दाखवता येत नाही. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूतला जल्लीकट्टू आणि महाराष्ट्रातल्या बैलगाडा शर्यती, दोन्हींवर बंदी कायम केली. जानेवारी २०१६ मध्ये केंद्राने सूट दिली, ती आठवडाभरही टिकली नाही. २०१७ मध्ये तमिळनाडूत मरीना किनाऱ्यावर तरुण उतरले, तिथे कायदा झाला. पाठोपाठ महाराष्ट्रानेही केला. पण त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शर्यतींना परवानगी द्यायला मनाई केली. घाट पुन्हा गप्प.

हिशेब करा. २०१४ मध्ये जो मुलगा दहा वर्षांचा होता, तो २०२१ च्या शेवटी सतरा वर्षांचा झाला. ज्या वयात बापाच्या खांद्यावर बसून घाट बघायचा, ते वय गेलं. आमचे आप्पा तेव्हा म्हणायचे, "बैल इकता येतो रं, पर पोराचं याड परत इकत घेता येत न्हाई." मला तेव्हा ते म्हातारपणाचं बोलणं वाटलं होतं.

पण थांबा. ही गोष्ट एकाच बाजूने सांगितली तर ती अर्धीच राहील. न्यायालयापुढे जे मांडलं गेलं ते काही हवेतून आलेलं नव्हतं. शेपटी पिरगाळणं, चाबूक, टोचणी, बॅटरीचा शॉक, हे घडत होतं आणि ते आपल्यासमोर घडत होतं. घाटाच्या कडेला उभ्या असलेल्या किती जणांनी हात धरला? माझ्या लहानपणीचं मला आठवतं: एक बैल सुटायच्या आधीच खाली बसला, त्याला उठवताना जे केलं गेलं ते बघून मी तोंड फिरवलं. आजूबाजूची मोठी माणसं हसत होती. मीही नंतर हसलो. ते हसणं आजही टोचतं.

१६ डिसेंबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींना सशर्त परवानगी दिली. १ जानेवारी २०२२ ला आंबेगावातल्या लांडेवाडीत शर्यत ठरली. तयारी झाली, गाडे निघायच्या बेतात, आणि कोरोनामुळे ऐनवेळी परवानगी रद्द! सात वर्षं थांबलेल्यांना आणखी थांबावं लागलं. पुढे हंगाम सुरू झाला तो धडाक्यात. त्याच वर्षी पिंपरी-चिंचवडमधल्या चिखलीच्या शर्यतीत जेसीबी बक्षीस होतं. कुठे नारळ आणि फेटा, कुठे जेसीबी! अखेर १८ मे २०२३ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने राज्यांचे कायदे वैध ठरवले.

म्हणजे आपण जिंकलो का? कायद्याने हो. पण त्या कायद्याची अट काय आहे? जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी हवी आणि बैलाला इजा होता कामा नये. ही अट पाळली जाते की नाही, हे कोण बघणार? पोलीस किती ठिकाणी पुरणार? बघणारे आपणच आहोत, हजारोंच्या संख्येने, प्रत्येकाच्या हातात कॅमेरा घेऊन.

बास्केटबॉलच्या मैदानावर फाऊल झाला की शिट्टी पंच वाजवतो. घाटात पंच घड्याळाकडे बघत असतो. मग बैलाच्या बाजूने शिट्टी वाजवायची कुणी? कडेला उभ्या असलेल्यानेच. बारीचं रील काढता ना? मग जुंपताना कुणी टोचणी काढली तर कॅमेरा तिकडेही वळवा. आणि हो, कडेला म्हणजे कडेलाच उभं राहा. सुटलेल्या गाड्याला ब्रेक नसतो, एका व्हिडिओसाठी धावपट्टीत उतरू नका.

मागच्या हंगामात मी आप्पांना घाटावर नेलं. गुडघे दुखतात, म्हणून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत खुर्ची टाकून बसवलं. आमच्या शेजारी एक सातेक वर्षांची पोरगी बापाच्या खांद्यावर होती. गाडा सुटला, घोडीमागे धुरळा उठला, आणि आप्पा व ती पोरगी एकाच वेळी ओरडले, "भिर्रर्रर्र!" घड्याळाचा आकडा मी बघितलाच नाही.

ती जागा टिकवायची असेल, तर बैलही टिकला पाहिजे. पुढच्या भागात भेटू. तोवर तुमच्या गावच्या घाटाची आठवण आम्हाला नक्की पाठवा. राम राम!