एंजिन किती तापू द्यावे?

मोटारीच्या एंजिनात पाणी घालतात ते एंजिन गार राहावे म्हणून, हे आपणां सर्वांना ठाऊक आहे. घाट चढून आलेला एखादा ट्रक रस्त्याच्या कडेला वाफ सोडीत उभा असलेलाही आपण पाहिला असेल. पण गार म्हणजे किती गार? हा प्रश्न मोटारीइतकाच जुना आहे, आणि त्याचे उत्तर एकदा नव्हे, तीन-चार वेळा बदलले आहे. ती हकीकत आज सांगतो.

पेट्रोल जळून जी उष्णता निर्माण होते तिचा ढोबळ मानाने एक तृतीयांश भाग गाडी ओढण्याच्या कामी येतो. एक तृतीयांश धुराबरोबर बाहेर जातो आणि उरलेला एंजिनाच्या अंगाला लागतो. तो काढून न्यावाच लागतो, नाही तर दट्ट्या सिलिंडरात आवळून बसेल. जर्मनीतील कार्ल बेंझ याने १८८६ मध्ये पेटंट घेतलेल्या गाडीत पाणी सरळ उकळू द्यायचे आणि वाफ होऊन उडून जाऊ द्यायचे अशी व्यवस्था होती. चुलीवरच्या पातेल्यासारखेच म्हणा ना! १८८८ च्या ऑगस्टमध्ये त्याची पत्नी बर्टा दोन मुलांना घेऊन त्या गाडीतून मानहाइमहून फोर्टसहाइमला गेली. सुमारे शंभर किलोमीटरचा रस्ता; वाटेत पुनःपुन्हा पाणी भरावे लागले. पुढे १९०० च्या सुमारास विल्हेल्म मायबाख याने मर्सिडीझ गाडीसाठी मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर तयार केला. त्यात सहा-सहा मिलिमीटरच्या आठ हजारांहून अधिक चौकोनी नळ्या होत्या. नळ्यांतून वारा जाई, बाहेरून पाणी खेळे, आणि तेच पाणी फिरून फिरून वापरता येऊ लागले.

पाणी गार करण्याचा प्रश्न असा बराचसा सुटला. पण लगेच उलटा प्रश्न उभा राहिला: एंजिन फारच गार राहू लागले तर? फोर्डची मॉडेल टी गाडी १९०८ पासून १९२७ पर्यंत दीड कोटींच्या संख्येने निघाली. पहिल्या थोड्या गाड्या सोडल्या तर तिला पाण्याचा पंप नव्हता. तापलेले पाणी हलके होऊन वर चढे, गार पाणी खाली येई, तेवढ्यावर काम भागे. हिवाळ्यात मात्र लोक रेडिएटरसमोर पुठ्ठा किंवा पडदा बांधीत. कारण एंजिन गार असले की पेट्रोलची नीट वाफ होत नाही, न जळलेले पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचे तेल धुऊन नेते, आणि ज्वलनातून तयार झालेल्या पाण्याचे थेंब तिथेच जमून धातू गंजवतात. ब्रिटनमधील मोटार एंजिनिअरांच्या संस्थेने १९३० नंतरच्या दशकात या झिजेचा कसून अभ्यास केला. सिलिंडर झिजतो तो केवळ घासण्याने, अशी तोवर समजूत होती. थंड चालणाऱ्या एंजिनात मुख्य अपराधी गंज असतो, असे या अभ्यासात दिसून आले.

इथे विहिरीवरच्या डिझेल एंजिनाची आठवण होते. पंपाच्या पाण्याचीच एक धार एंजिनातून फिरवून पाटात सोडण्याची आपल्याकडची पद्धत. विहिरीचे गार पाणी अखंड वाहते, एंजिनाला हात लावला तर कोमटसुद्धा लागत नाही, आणि मालक खूश असतो. खरे तर अशा एंजिनाला डिझेल जास्त लागते आणि झीजही जास्त होते. बाहेर पडणाऱ्या पाण्यात हात जेमतेम धरवेल इतके ते गरम यावे, म्हणून धार बारीक करावी, हाच शहाणपणा.

मोटारीत ही धार बारीक-मोठी करण्याचे काम थर्मोस्टॅट करतो. पाणी गार असेल तोवर तो रेडिएटरची वाट बंद ठेवतो. ठरावीक उष्णतामान आले की उघडतो. सुरुवातीला यासाठी पितळेचा, घड्या घातलेला छोटा भाता वापरीत. त्यात लवकर वाफ होणारा द्रव भरलेला असे. १९३० नंतरच्या दशकात अमेरिकेत सर्जियस व्हर्ने याने भात्याऐवजी मेण आणले. मेण वितळताना फुगते आणि एक दांडी जोराने बाहेर ढकलते. आजही बहुतेक गाड्यांत हेच मेण आहे. शिक्षकबंधूंनी एखाद्या गॅरेजातून जुना थर्मोस्टॅट मागून आणावा, दोऱ्याने पातेल्यातल्या पाण्यात लोंबकळत ठेवावा आणि जवळ उष्णतामापक धरून पाणी तापवावे. तोंड केव्हा उघडते ते मुले डोळ्यांनी पाहतील. पाठ्यपुस्तकातल्या दहा ओळींपेक्षा ते पक्के लक्षात राहील.

आता आकड्यांकडे येऊ. अमेरिकेत हिवाळ्यात पाणी गोठू नये म्हणून पूर्वी त्यात मद्यार्क मिसळीत. मिथिल मद्यार्क सुमारे १४९ अंश फॅरनहाइटलाच उकळतो, तेव्हा एंजिन फार तापू देणे परवडत नसे. थर्मोस्टॅट १६० अंशांचा, म्हणजे सुमारे ७१ सेल्सियसचा असे. पुढे सहजी न उडणारा ग्लायकॉल आला, तसेच दाब धरून ठेवणारे झाकण आले. १५ पौंडांच्या झाकणाखाली साधे पाणीसुद्धा २५० अंशांच्या आसपास उकळते. मग १८० अंश रूढ झाले. त्यानंतर धुराचा प्रश्न आला. गार भिंतीलगतचे पेट्रोल जळत नाही, ते तसेच हवेत जाते. १९६० नंतर अमेरिकेत धुरावर निर्बंध येऊ लागले, १९७० मध्ये शुद्ध हवेचा कडक कायदा झाला, आणि कारखान्यांनी १९५ अंशांचा, म्हणजे सुमारे ९१ सेल्सियसचा थर्मोस्टॅट बसवण्यास सुरुवात केली.

आणि नेमके इथे शर्यतीचे शौकीन अडले. ब्यूइक कंपनीची ग्रँड नॅशनल ही काळी गाडी १९८६-८७ मध्ये फार गाजली. सहा सिलिंडरांचे ३.८ लिटरचे एंजिन, त्यावर हवा कोंबणारा टर्बो. १९८७ मध्ये अश्वशक्ती २४५. कोंबलेली हवा तापते, आणि तापलेले मिश्रण ठिणगीची ज्योत पोचण्याआधीच आपले आपण भडकते. आतून हातोडीच्या ठोक्यांसारखा आवाज येतो. ठोके चालू राहिले तर दट्ट्यालाच भोक पडते. या गाडीत ठोका ऐकणारे उपकरण होते. ठोका ऐकला की ते ठिणगी उशिरा पाडी. एंजिन वाचे, पण जोर कमी होई. शौकिनांनी युक्ती काढली: १९५ चा थर्मोस्टॅट काढून जुना १६० चा घालायचा. एंजिनाचे डोके थोडे गार राहते, ठोका उशिरा येतो, ठिणगी लवकर पाडता येते. चार पैशांचा भाग, काम अर्ध्या तासाचे.

युक्ती खोटी नव्हती, पण ती अर्धीच ऐकणारे पुष्कळ निघाले. थर्मोस्टॅट उष्णतेची खालची पायरी ठरवतो, वरची नव्हे. रेडिएटरच तोकडा असेल तर १६० चा थर्मोस्टॅट पूर्ण उघडूनही पाणी उकळणारच, फार तर थोडे उशिरा. गर्दीत गाडी हळू चालते तेव्हा वारा पंख्याचा. तो विजेचा पंखा २०० च्या वर गेल्यावरच सुरू होत असेल तर १६० चा उपयोग काय? म्हणून जाणते लोक पंखाही लवकर सुरू होईल अशी सोय करीत आणि गणकयंत्रातली चकतीही बदलीत. नाही तर एंजिन अजून गारच आहे असे समजून यंत्र जादा पेट्रोल सोडीत राही. शिवाय तेलातले पाणी उडून जात नाही, त्याचा चिखल होतो. शर्यतीच्या चौथाई मैलापुरती गाडी चालवणाऱ्याला याचे काही वाटणार नाही. रोज त्याच गाडीतून कामावर जाणाऱ्याने मात्र, माझ्या मते, १९५ चाच ठेवावा किंवा फार तर १८० वर थांबावे. आपल्याकडे काही गॅरेजांत थर्मोस्टॅट काढून फेकूनच देतात, ते तर सर्वांत वाईट.

१९९० नंतरच्या दशकात जर्मनीतल्या बी.एम.डब्ल्यू. कंपनीने हे भांडण वेगळ्या रीतीने मिटवले. थर्मोस्टॅटच्या मेणातच विजेची एक छोटी तार घातली. गाडी निवांत चालली असेल तर तार बंद, मेण पाण्याच्याच उष्णतेने वितळायचे, आणि पाणी १०० सेल्सियसच्याही वर जाऊ दिले जाते. तेल पातळ राहते, पेट्रोल वाचते. चालकाने जोरात पाय दाबला की गणकयंत्र तारेत वीज सोडते, मेण वेळेआधीच वितळते, वाट उघडते, आणि ठोका येण्याच्या आत एंजिन काही अंशांनी गार होऊ लागते.