लोखंडी धाव ते रेडियल : खान्देशच्या रस्त्याच्या आवाजाची गोष्ट

परवा फर्दापूरहून जळगावला येत होतो. काँक्रीटचा रस्ता लागला आणि गाडीत घूंऽऽ असा एकसुरी आवाज सुरू झाला. शेजारचा मित्र म्हणाला, "बेअरिंग गेलं वाटतं भो." पुढे डांबराचा तुकडा आला आणि आवाज गायब! परत काँक्रीट, परत घूंऽऽ. बेअरिंग रस्ता बघून वाजत नाही. आवाज टायर आणि रस्त्याचा होता. तेव्हापासून हा विषय डोक्यात घोळतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आपल्याकडे चाकाचा आवाज जुनाच. लाकडी चाकावर लोहार लोखंडी धाव तापवून चढवायचा. पाणी ओतलं की धाव आवळायची आणि चाक घट्ट व्हायचं. अशा गाड्या कपाशी भरून पहाटे जिनिंगकडे निघाल्या की खडखडाटाने गाव जागं व्हायचं. आवाजावरून गाडी कोणाची ते ओळखायचो, असं म्हातारी माणसं सांगतात. हीच धाव खडीचा रस्ताही कापायची. म्हणजे त्रास दुहेरी : कानाला आणि रस्त्याला.

हवेचा टायर शोधला गेला त्यामागे आवाज हेही एक कारण होतं, हे फार कमी जणांना माहीत असतं. स्कॉटलंडच्या रॉबर्ट थॉमसनने १८४५ साली पेटंट घेतलं. त्यात त्याने तीन फायदे सांगितले होते : गाडी ओढायला ताकद कमी लागते, प्रवास सुखाचा होतो आणि चाकांचा आवाज कमी होतो. पण तो शोध मागे पडला. १८८८ साली बेलफास्टच्या जॉन डनलॉप या जनावरांच्या डॉक्टरने मुलाच्या तीनचाकीसाठी पुन्हा हवेचा टायर बनवला आणि तो जगभर गेला. १९३६ साली बंगालात हुगळीकाठी साहागंजला डनलॉपचा कारखाना उभा राहिला. पुढे बैलगाडीलाही रबरी चाकं आली. तीच बैलजोडी जास्त ओझं ओढू लागली आणि गाडी गुपचूप जाऊ लागली. आजही कितीतरी गावांत तिला 'डनलॉप गाडी' नाहीतर 'टायरगाडी' म्हणतात.

मग गेलेला आवाज परत कसा आला? वेगामुळे. साधारण ताशी ४०-५० किलोमीटरच्या पुढे कारच्या इंजिनापेक्षा टायरचाच आवाज जास्त होतो. टायरवरच्या नक्षीचे ठोकळे रस्त्यावर आपटतात, खाचांत अडकलेली हवा दाबली जाऊन बाहेर फुटते आणि टायरच्या पोकळीतली हवा ढोलासारखी घुमते. काँक्रीटवर पाणी निघून जावं, पकड मिळावी म्हणून खाचा पाडतात. त्या आडव्या आणि सारख्या अंतरावर असल्या की एकच सूर लागतो. हिशेब करून बघा. दोन सेंटिमीटरवर एक खाच आणि ताशी ८० चा वेग धरला तर सेकंदाला अकराशे ठोके! खाचा उभ्या, म्हणजे गाडीच्या दिशेने पाडल्या तर हा सूर बराच कमी होतो. टायर बनवणारे तर नक्षीचे ठोकळे मुद्दाम लहानमोठे ठेवतात, म्हणजे आवाज एका सुरात गोळा होत नाही.

आता हवेचं. पंक्चरवाला विचारतो, "कितली टाकू भाऊ?" आणि आपण अंदाजे आकडा ठोकून देतो. खरा आकडा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर छापलेला असतो. हवा जास्त झाली तर टायर कडक होतो, रस्त्याचा प्रत्येक खडा आत ऐकू येतो आणि पकडही घटते. कमी झाली तर दोन्ही कडा झिजतात, टायर तापतो आणि आवाजही वाढत जातो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ ला जातो, तेव्हा बरेच जण म्हणतात, "ऊन फार आहे, दोन पॉइंट कमी टाक." हे उलटं आहे. कमी हवेचा टायर जास्त दबतो, जास्त तापतो आणि हायवेवर फुटायची भीती त्यालाच जास्त. हवा सकाळी, टायर थंड असताना तपासा.

टायरवरून एकदा पुढे, एकदा मागे हात फिरवून बघा. एका बाजूने गुळगुळीत आणि दुसऱ्या बाजूने करवतीसारखं लागलं तर घूंऽऽ तिथूनच येतोय. अलाइनमेंट करा, टायरची अदलाबदल वेळेवर करा. दिसायला भारी म्हणून रुंद टायर बसवले तर आवाज वाढणारच, हेही लक्षात ठेवा.

पण हा प्रश्न फक्त गाडीत बसणाऱ्याचा नाही. जुना सहा नंबर हायवे जळगावच्या मधून जातो. आकाशवाणी चौक, इच्छादेवी, अजिंठा चौक हा सगळा पट्टा बघा. अशा रस्त्याकडेला घरं आहेत, दवाखाने आहेत, शाळा आहेत. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. दवाखाना, शाळा, कोर्टाभोवतीच्या शांतता क्षेत्रात ती ५० आणि ४० आहे. आपण भांडतो डीजे आणि हॉर्नवरून. रात्रभर चालणाऱ्या चाकांचा हिशेब कोणी मागत नाही. उद्या सगळ्या गाड्या इलेक्ट्रिक झाल्या तरी हायवेवरचा हा आवाज जाणार नाही, कारण तो इंजिनाचा नाहीच.

टायरच्या आवाजावर मर्यादा घालणारी अधिसूचना केंद्राने २०२२ साली काढली. युरोपात २०१२ पासून टायरच्या लेबलवर आवाजाचा आकडा छापावा लागतो. आपणही दुकानात किमतीसोबत आवाजाचं विचारलं पाहिजे. आणि वस्तीजवळून रस्ता जाणार असेल तर त्यावर खाचा कशा पाडणार, वेग किती ठेवणार, कडेला आवाज अडवणाऱ्या भिंती उभारणार का, हे काम सुरू व्हायच्या आधी विचारलं पाहिजे. काँक्रीट एकदा पडलं की पुढची कितीतरी वर्षं तोच सूर ऐकायचा आहे.

लोखंडी धाव जाऊन रबर आलं तेव्हा आपल्या गावांना शांतता अलगद मिळाली होती. ती आता मागून घ्यावी लागेल. तुमच्या गावात पहिली टायरगाडी कोणी आणली होती? घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा आणि नक्की सांगा.