दहा वर्षांचा राजा आणि कारकुनाची लेखणी

रविवारच्या धम्मवर्गात आम्ही मुलांना ह्युएनत्संगाचा प्रवास सांगत होतो. सातव्या शतकात हा भिक्खू चीनमधून भारतात आला, पुलकेशीच्या महाराष्ट्रातून गेला आणि ६४५ मध्ये ग्रंथसंभारासह चांगआनला परतला. त्याचे स्वागत करणाऱ्या सम्राट ताइझोंगाची हकिकत ओघानेच आली. ६२६ मध्ये राजवाड्याच्या शुआनवू दरवाजापाशी दबा धरून त्याने थोरला भाऊ, युवराज ली जिआनचेंग, आणि धाकटा ली युआनजी यांना ठार केले होते. पाठोपाठ त्यांचे पुत्रही मारले गेले, आणि दोन महिन्यांत वडिलांनी सिंहासन त्याच्या स्वाधीन केले. इथे अमेरिकेत जन्मलेल्या एका मुलाने विचारले, ‘आपल्या राजांनीही असे केले का?’

आम्ही गडबडलो. घरी ऐकलेले उत्तर तयार होते: सावत्र आई सोयराबाई, व्यसनी संभाजी आणि रायगडावरील सूड. ते उत्तर आले कुठून, हे पाहायला बसल्यावर मात्र चित्र बदलत गेले.

शिवाजी महाराजांचे निधन ३ एप्रिल १६८० रोजी रायगडावर झाले. थोरले पुत्र संभाजीराजे तेव्हा पन्हाळ्यावर होते. १६७८ च्या अखेरीस ते मोगल सरदार दिलेरखानाकडे गेले होते आणि वर्षभरात परतले होते; ही गोष्ट झाकण्यात अर्थ नाही, कारण पुढे विरोधकांनी तिचाच आधार घेतला. अण्णाजी दत्तो, मोरोपंत पिंगळे आदी मंत्र्यांनी २१ एप्रिलला राजारामांना मंचकावर बसवले आणि संभाजीराजांना कैद करण्याचा बेत आखला. राजारामांचा जन्म १६७० चा. दहा वर्षांच्या मुलाला सिंहासनाची कसली ईर्ष्या? मुलगा राजा झाला की कारभार कोणाच्या हाती राहणार, हे मंत्र्यांना पक्के ठाऊक होते.

बेत फसला तो सैन्यामुळे. सरनौबत हंबीरराव मोहिते हे सोयराबाईंचे सख्खे भाऊ, म्हणजे राजारामांचे मामा. तरी त्यांनी संभाजीराजांची बाजू घेतली आणि मंत्र्यांनाच धरून पन्हाळ्यावर नेले. ‘सावत्र आईचे कारस्थान’ या कथेला पहिला तडा इथेच जातो. जूनमध्ये संभाजीराजे रायगडावर आले. त्याच वर्षीच्या ऑगस्टमधील त्यांचे संस्कृत दानपत्र उपलब्ध आहे. त्यात दोष मंत्र्यांवर ठेवला आहे आणि सावत्र आईचे मन स्फटिकासारखे निर्मळ म्हटले आहे. १६ जानेवारी १६८१ रोजी राज्याभिषेक झाला. अण्णाजी दत्तोंसारख्यांना माफी मिळाली, पदेही मिळाली.

माफी टिकली नाही. औरंगजेबाचा बंडखोर पुत्र अकबर १६८१ मध्ये दक्षिणेत आश्रयाला आला. कटवाल्यांनी त्याला पत्र लिहून मदत मागितली, आणि त्याने ते पत्र संभाजीराजांकडे पोहोचवले. अण्णाजी दत्तो, चिटणीस बाळाजी आवजी आदींना देहदंड झाला. शिक्षा क्रूर होती. ती सौम्य करून सांगण्याचे आम्हाला कारण नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरात सोयराबाईही वारल्या.

राजाराम मात्र जिवंत राहिले. ज्याच्या नावाने दोनदा कट झाला तो भाऊ रायगडावर वाढला. त्याच शतकात औरंगजेबाने दिल्लीच्या तख्तासाठी दारा आणि मुराद या भावांना संपवले होते, हे आठवले म्हणजे या गोष्टीचे वजन कळते. फेब्रुवारी १६८९ मध्ये संभाजीराजे संगमेश्वरला पकडले गेले, तेव्हा येसूबाईंनी स्वतःच्या बाल शाहूचा हक्क मागे ठेवला आणि राजारामांना मंचकावर बसवले. त्या नोव्हेंबरात रायगड पडला, येसूबाई आणि शाहू मोगलांच्या कैदेत गेले. राजाराम जिंजीला पोहोचले आणि १७०० पर्यंत त्यांनी लढा चालू ठेवला. १६८१ मध्ये ताइझोंगाची रीत पाळली असती, तर १६८९ मध्ये मंचकावर बसवायला कोण उरले असते?

मग घरी ऐकलेली गोष्ट कोणाची? तिचा मोठा भाग मल्हार रामराव चिटणीसांच्या बखरीतून आलेला आहे. ही बखर घटनेनंतर शंभराहून अधिक वर्षांनी लिहिली गेली, आणि मल्हार रामराव हे देहदंड झालेल्या बाळाजी आवजींच्या वंशातले. सोयराबाईंना भिंतीत चिणून मारल्याची कथा या बखरीने रूढ केली. वर उल्लेखलेले दानपत्र तिच्याशी मुळीच जुळत नाही. पुढे नाटके-कादंबऱ्यांनी तीच प्रतिमा घरोघर पोहोचवली. वा. सी. बेंद्रे यांनी वर्षानुवर्षे कागद तपासून १९६० मध्ये चरित्र प्रसिद्ध केले, तेव्हा कुठे ती हलू लागली.

इतिहास जेते लिहितात, असे आपण सहज म्हणतो. ताइझोंगाबाबत ते खरेच आहे: त्या दिवसाची दरबारी नोंद त्याने स्वतः मागवून वाचली आणि ती कशी लिहावी हेही सांगितले. रायगडावर जिंकलेल्या राजाची मात्र पावणेतीनशे वर्षे बदनामी झाली, कारण दप्तर कारकुनी घराण्यांकडे होते. तलवार कोणाचीही असो, लेखणी ठरावीक घरांतच राहिली. बाबासाहेबांच्या लेकरांना हे निराळे समजावून सांगायला नको.

ज्यांच्या घरी दप्तर नव्हते त्यांची आठवण वढू बुद्रुकला आहे. ११ मार्च १६८९ रोजी संभाजीराजांची हत्या झाल्यावर त्यांचे अंत्यसंस्कार गोविंद गोपाळ महार यांनी केले, असे तिथली परंपरा सांगते. त्यांची समाधीही तिथेच आहे. २०१७ च्या डिसेंबरअखेरीस तिची मोडतोड झाली आणि मागोमाग १ जानेवारीला भीमा कोरेगावात हिंसाचार उसळला. त्या परंपरेला बखरीचा आधार दाखवा म्हणणारे पुष्कळ भेटतात. बखर कोणाच्या घरी लिहिली जात होती, हे आम्ही त्यांना विचारतो.

आमच्यातील दोन कुटुंबे या हिवाळ्यात भारतात जाणार आहेत. १९२७ मध्ये बाबासाहेब जिथे अभिवादनाला गेले त्या विजयस्तंभाला वंदन करून ती पुढे वढूला जातील. प्रश्न विचारणारा मुलगाही बरोबर असेल. त्याने वहीत गोविंद गोपाळांचे नाव आधीच लिहून ठेवले आहे.