रंगांची साक्ष

प्राचीन चित्राचा खरेपणा केवळ डोळ्यांनीं ठरवूं गेल्यास केवढा धोका संभवतो, हें हॉलंड देशांतील एका प्रकरणानें जगास शिकविलें. ख्रिस्ती वाचकांस तें विशेष बोधप्रद वाटेल. कारण त्या चित्राचा विषय शुभवर्तमानांतलाच आहे.

सन १९३७ मध्यें "अम्माऊस येथील भोजन" या प्रसंगाचें एक चित्र उजेडांत आलें. सतराव्या शतकांतील थोर चित्रकार व्हर्मेर याची ही सर्वोत्तम कृति होय, असा निर्वाळा आब्राहाम ब्रेडियस या वयोवृद्ध कलापंडितांनीं दिला. पांच लाखांहून अधिक गिल्डर मोजून तें रॉटरडॅमच्या बॉयमन्स संग्रहालयासाठीं घेण्यांत आलें.

पुढें १९४५ सालीं व्हर्मेरचें म्हणविलेलें दुसरें एक चित्र नाझी पुढारी गोअरिंग याच्या संग्रहांत सांपडलें, व त्याच्या विक्रीबद्दल हान व्हान मेगेरेन या चित्रकारास अटक झाली. देशद्रोहाचा आरोप टाळण्यासाठीं तो म्हणाला कीं, तें चित्र व अम्माऊसचें चित्र हीं दोन्हीं आपल्याच हातचीं आहेत. आपला हात दाखविण्यासाठीं त्यानें पहाऱ्याखालीं आणखी एक चित्र रंगविलें.

बेल्जियमचे रसायनशास्त्रज्ञ पॉल कोरेमान्स यांच्या मंडळानें तपास केला. तैलरंग पुरता कठीण होण्यास अनेक दशकें लागतात. मेगेरेननें जुन्या कापडावर रंगविलेलें चित्र भट्टींत तापवून तो काळ जणूं चोरला होता. रंगांत सांपडलेली फिनॉल-फॉर्माल्डिहाइड राळ मात्र व्हर्मेरच्या काळीं अस्तित्वांतच नव्हती. १९४७ सालीं त्यास एक वर्षाची शिक्षा झाली. ती भोगण्यापूर्वींच तो मरण पावला.

तरीहि अम्माऊसचें चित्र अस्सलच मानणारे कांहीं उरले. १९६८ सालीं अमेरिकेंतील बर्नार्ड काइश यांनीं त्यांतील सफेत्याची परीक्षा प्रसिद्ध केली. खनिजांतून शिसें गाळतांना त्यांतील रेडियम बहुतांशीं निघून जातें. नंतर शिशांतील एक किरणोत्सर्गी अंश दर २२ वर्षांनीं सुमारें निम्मा होत जातो व तीन शतकांत उरलेल्या रेडियमच्या बरोबरीस येतो. येथें तो अंश रेडियमहून पुष्कळ अधिक आढळला. म्हणजे सफेता अलीकडचाच होता.

पंडितांना फसविलें तें रंगांनीं नव्हे, तर व्हर्मेरचीं आणखी धार्मिक चित्रें सांपडतील या त्यांच्या उत्कंठेनें. तथापि रसायनशास्त्र मुख्यतः चित्र कोणाचें नाहीं हें सांगतें. तें कोणाचें आहे हें ठरविण्यास इतिहास व कागदपत्रें लागतात. म्हणून ज्यांच्या घरीं वा देवळांत जुनी मूर्ति अथवा चित्र असेल, त्यांनीं तीवर नवा रंग चढविण्यापूर्वीं थांबावें, आणि ती कोठून व केव्हां आली हें वडीलधाऱ्यांस विचारून लिहून ठेवावें. जुना रंग एकदां खरवडला म्हणजे त्याची साक्ष कायमची गेली.