बॉण्डिंग (लिनक्स)

एका संगणकावरचे दोन किंवा अधिक नेटवर्क पोर्ट बांधून त्यांचे एकच पोर्ट (बॉण्ड) करण्याची लिनक्स कर्नलमधील सोय. तिने वेग वाढतो आणि एक वायर तुटली तरी काम चालू राहते. दुसरा उपयोग अधिक मोलाचा.

१९९४ मध्ये नासाच्या गॉडर्ड केंद्रात थॉमस स्टर्लिंग आणि डोनाल्ड बेकर यांनी १६ प्रोसेसरांचा ‘बेओवुल्फ’ समूह उभारला. त्यातल्या डीएक्स४ प्रोसेसरांना एकेरी १० मेगाबिट इथरनेट अपुरे पडे आणि स्विच फार महाग होते. म्हणून बेकर यांनी ड्रायव्हर नव्याने लिहून वाहतूक समांतर इथरनेटांवर वाटली. कर्नल २.० साठीच्या त्यांच्या पॅचांतूनच पुढचा बॉण्डिंग ड्रायव्हर घडला.

ड्रायव्हरच्या सात पद्धती आहेत. ‘अ‍ॅक्टिव्ह-बॅकअप’मध्ये एक पोर्ट काम करते, बाकीची थांबून असतात, स्विचवर वेगळी मांडणी लागत नाही. ‘८०२.३एडी’साठी स्विचवर एलएसीपी हा जोडण्या एकत्र बांधण्याचा प्रोटोकॉल लागतो. तिथेही एक टीसीपी जोडणी एकाच वायरीवरून जाते, त्यामुळे एकच मोठी फाइल दुप्पट वेगाने उतरत नाही.

एकाहून अधिक बॉण्ड हवे असतील, तर मॉड्यूलला ‘मॅक्स बॉण्ड्स’चा आकडा देता येतो, पण मग सर्वांना सारखेच पर्याय लागू होतात. कार्यालयीन जाळ्यासाठी एक आणि साठवणीसाठी दुसरा, वेगळ्या पद्धतीचा बॉण्ड करायचा तर सिसएफएस या कर्नलच्या फाइलव्यवस्थेतून प्रत्येक बॉण्ड स्वतंत्र तयार करणे बरे. पद्धत आधी ठरवावी, पोर्ट मग जोडावीत. वायर जिवंत आहे का, हे तपासण्याचा अवधी सहसा १०० मिलिसेकंद ठेवतात. तो शून्य केला आणि एआरपी तपासणीही नसली, तर तुटलेली वायर ड्रायव्हरच्या ध्यानात येत नाही.

उबुंटू सर्व्हरवर हीच मांडणी नेटप्लॅन या मांडणी-साधनाच्या फाइलीत लिहितात.

बॉण्डची राखण पहिल्या स्विचपर्यंतच असते; त्यापुढची वाट तुटली तर त्याचा उपयोग नाही. उदाहरणार्थ, तेलंगणात टी-फायबर या राज्याच्या फायबर जाळ्यासाठी मिशन भगीरथ या पाणीपुरवठा योजनेच्या वाहिन्यांच्या चरांचा उपयोग करून घेण्यात आला. खोदकाम वाचवणारी ही योजना शहाणपणाची. मात्र एकाच चरातल्या दोन फायबरी जेसीबीच्या एका घावात तुटू शकतात. तिथल्या एखाद्या कार्यालयाला अखंड जोडणी हवी असेल, तर दुसरी वाट वेगळ्या रस्त्याने आणावी लागते आणि ती निवडण्याचे काम राउटरचे असते.

‘टीम’ हा पर्यायी ड्रायव्हर रेड हॅटने आपल्या एंटरप्राइझ लिनक्स ९ मध्ये कालबाह्य ठरवला.