ग्राफिक्स कार्ड : किंमत आणि मोल

डहाणू-तलासरी भागातल्या मुलांना वारली चित्रातला माणूस कसा काढतात हे शिकवावे लागत नाही. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून ठेवले की धड तयार होते. वर एक गोल आणि हातापायांच्या चार रेघा काढल्या की माणूस उभा राहतो. गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी याच त्रिकोणांतून शेते, लग्ने, तारपा नाच उभे केले आणि २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. संगणकाच्या पडद्यावर आपण जे त्रिमिती चित्र पाहतो, तेही असेच त्रिकोणांचे बनलेले असते. फरक संख्येचा आहे. तिथे त्रिकोण लाखांनी मोजावे लागतात आणि सगळे चित्र सेकंदाला साठ वेळा नव्याने काढावे लागते. हे काम करणारा भाग म्हणजे ग्राफिक्स कार्ड.

या कार्डाविषयी हल्ली शिक्षकमित्र आम्हाला एक प्रश्न विचारतात. शाळेला किंवा कनिष्ठ महाविद्यालयाला देणगी मिळते. कृत्रिम बुद्धिमत्तेची प्रयोगशाळा काढायची ठरते. मग कोणीतरी सुचवते की बाजारातले सर्वांत मोठे कार्ड घ्या. अशा एका कार्डाची किंमत दोन लाख रुपयांच्या वर जाते. तेवढ्यात चार-पाच साधे संगणक येतात, म्हणजे चार-पाच मुलांना एकाच वेळी हात चालवायला मिळतो. तेव्हा हे कार्ड घ्यावे की नाही?

हा प्रश्न दिसतो तितका नवा नाही. महागडे गणनयंत्र घ्यावे का, कोणते घ्यावे, की स्वतः बांधावे, याचा विचार आपल्या मुंबई-पुण्यात गेली सत्तर वर्षे चालू आहे. त्यातून हाती आलेली कसोटी शाळेलाही उपयोगी पडेल असे आम्हाला वाटते.

पहिला पडदा

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९५५ साली आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली एका तरुण गटाने संगणक बांधायला घेतला. पूर्ण यंत्र १९६० च्या फेब्रुवारीत चालू झाले. १९६२ साली त्याला 'टिफ्रॅक' हे नाव मिळाले. त्यात सुमारे २,७०० निर्वात नळ्या होत्या. स्मृतीत प्रत्येकी ४० अंशांचे, म्हणजे बिटांचे, २,०४८ शब्द मावत. या यंत्राला कॅथोड किरण नळीचा एक पडदाही जोडला होता आणि त्यावर आलेख व अक्षरे उमटत.

ही स्मृती किती होते ते पाहू. २,०४८ गुणिले ४० म्हणजे ८१,९२० बिट. आठ बिटांचा एक बाइट धरला तर १०,२४० बाइट. आजच्या साध्या पडद्यावर आडवे १,९२० आणि उभे १,०८० ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याच्या रंगासाठी तीन बाइट लागतात. म्हणजे एकाच चित्रासाठी सुमारे ६२ लाख बाइट हवेत. टिफ्रॅकसारख्या सुमारे ६०८ यंत्रांची स्मृती एकत्र केली, तर त्यात असे एक चित्र मावले असते.

टिफ्रॅक पूर्ण झाले तेव्हा जगात ट्रान्झिस्टरचे संगणक आले होते. नुसत्या वेगाच्या आकड्यावर जोखले तर ते जन्मतःच मागे पडले होते. पण ते बांधताना आणि वापरताना संगणक समजणारी माणसे तयार झाली. संस्थेत १९६४ साली सीडीसी ३६०० हा परदेशी संगणक विकत आणला गेला, तेव्हा त्यावर कोणती गणिते घालायची हे जाणणारे लोक इथे होते. कामाची गरज आधी कळली होती, खरेदी नंतर झाली.

परमचा धडा

दुसरी गोष्ट पुण्याची. १९८० च्या दशकात भारताला हवा असलेला क्रे महासंगणक अमेरिकेने दिला नाही. त्यातून १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था उभी राहिली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली 'परम ८०००' तयार झाला. एक अतिवेगवान प्रोसेसर वापरण्याऐवजी अनेक साध्या प्रोसेसरांत काम वाटून द्यायचे, ही त्यामागची कल्पना होती. हे प्रोसेसर म्हणजे इन्मॉस या ब्रिटिश कंपनीचे ट्रान्सप्यूटर.

पुढे ट्रान्सप्यूटरचा नवा अवतार रखडला आणि ती मालिकाच मागे पडली. नंतरच्या परम यंत्रांत दुसऱ्या कंपन्यांचे प्रोसेसर आले. यंत्राचा मुख्य भाग काही वर्षांतच कालबाह्य झाला, पण काम वाटून देण्याची विद्या टिकली. आजचे ग्राफिक्स कार्ड चालते ते याच तत्त्वावर. त्यात हजारो छोटे गणक शेजारी शेजारी बसवलेले असतात आणि एकाच प्रकारचे गणित ते वेगवेगळ्या आकड्यांवर एकदम करतात.

त्रिकोण रंगवण्यासाठी निघालेले हे यंत्र दुसऱ्या कामांनाही जुंपता येईल, हे संशोधकांना लवकरच उमगले. एनव्हिडिआ या कंपनीने २००६-०७ साली 'कुडा' ही आज्ञावली-प्रणाली आणली आणि असा वापर सोपा झाला. टोरांटो विद्यापीठातील गटाने २०१२ साली चित्रे ओळखणारे जे गाजलेले जाळे बनवले, ते खेळांसाठी विकल्या जाणाऱ्या दोन कार्डांवर शिकवले होते. दोन कार्डे का? एका कार्डाची स्मृती अवघी तीन गीगाबाइट होती आणि जाळे त्यात मावत नव्हते.

खोडदचे गणित

आता आमच्या मते या इतिहासातले सर्वांत बोलके उदाहरण. जुन्नर तालुक्यात, नारायणगावजवळ खोडद येथे जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप आहे. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली ही दुर्बीण टाटा संस्थेचेच पुण्यातील राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र चालवते. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरल्या आहेत. कोणत्याही दोन तबकड्यांना आलेल्या लहरी एकमेकींशी गुणून, त्या गुणाकारांतून आकाशाचे चित्र बांधले जाते.

मूळ दुर्बीण एका वेळी ३२ मेगाहर्ट्झ रुंदीचा लहरपट्टा तपासू शके. हा गुणाकार ठरावीक कामासाठीच घडवलेल्या चिपा करत. २०१० च्या सुमारास तेच काम बाजारात मिळणारे साधे संगणक करू लागले. पुढे दुर्बिणीचे नूतनीकरण करताना पट्टा ४०० मेगाहर्ट्झपर्यंत वाढवायचे ठरले. त्यासाठी किती गणनशक्ती लागेल, हे आपल्याला फळ्यावर काढता येते.

तीस तबकड्यांच्या जोड्या किती? ३० गुणिले २९ भागिले २, म्हणजे ४३५. प्रत्येक तबकडी लहरींच्या दोन ध्रुवण-दिशा वेगळ्या नोंदवते. एका दिशेचा त्याच दिशेशी गुणाकार घेतला तरी ८७० गुणाकार झाले. ४०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यासाठी असा प्रत्येक गुणाकार सेकंदाला ४० कोटी वेळा करायचा. संख्या संमिश्र असल्यामुळे एका गुणाकार-बेरजेत आठ साध्या क्रिया येतात. ८७० गुणिले ४० कोटी गुणिले ८ म्हणजे सेकंदाला सुमारे २.७८ लाख कोटी क्रिया. सेकंदाला एक लाख कोटी क्रिया म्हणजे एक टेराफ्लॉप, तेव्हा हे झाले २.७८ टेराफ्लॉप.

एनव्हिडिआचे २०१३ साली आलेले टेस्ला के-४० हे कार्ड कमाल ४.२९ टेराफ्लॉप देते, असे त्याच्या माहितीपत्रकात होते. म्हणजे एका कार्डात काम भागले? इथेच थांबून विचार करायला हवा. ४०० मेगाहर्ट्झचा पट्टा टिपायचा तर सेकंदाला ८० कोटी नमुने घ्यावे लागतात. तबकड्या तीस, ध्रुवणे दोन, म्हणजे साठ प्रवाह. एकूण ४,८०० कोटी नमुने दर सेकंदाला. प्रत्येकी एक बाइट धरला तर ४८ गीगाबाइट. संगणकातून त्या काळच्या कार्डात माहिती जाण्याची वाट सेकंदाला जास्तीत जास्त १६ गीगाबाइट वाहू शके. आत गणक कितीही असोत, दार अरुंद असल्याने माल बाहेरच तुंबणार. शिवाय गुणाकाराआधी लहरींचे वर्णपट काढायचे आणि उशिराने आलेल्या लहरी जुळवून घ्यायच्या हे काम वेगळेच, आणि कमाल आकडा प्रत्यक्षात गाठला जात नाही तो नाहीच.

म्हणून खोडदला कामाची वाटणी झाली. अंतर्गत जोडणी हवी तशी बदलता येणाऱ्या एफपीजीए चिपांकडे नमुने घेण्याचे आणि ते पाठवण्याचे काम आले. गुणाकार-बेरजेचा भार अनेक संगणकांत बसवलेल्या टेस्ला मालिकेतल्या कार्डांवर टाकला. ती सगळी वेगवान जाळ्याने जोडली. कार्ड इथे सार्थकी लागले, कारण त्याच्या जोगे काम होते, ते किती आहे हे मोजलेले होते आणि सर्वांत अरुंद दार कुठे आहे हे ठाऊक होते.

दोन कार्डांची तुलना

हीच कसोटी आजच्या बाजाराला लावू. ऑक्टोबर २०२२ मध्ये एनव्हिडिआचे आरटीएक्स ४०९० आले. जाहीर किंमत १,५९९ डॉलर. जानेवारी २०२५ मध्ये त्याच्या पुढचे आरटीएक्स ५०९० आले, १,९९९ डॉलरला. किंमत २५ टक्क्यांनी वाढली. गणनवेग ८२.६ वरून १०४.८ टेराफ्लॉप झाला, म्हणजे २७ टक्के वाढ. विजेची कमाल मागणी ४५० वॉटवरून ५७५ वॉट झाली, म्हणजे २८ टक्के वाढ. रुपयामागे किंवा युनिटमागे गणन जवळजवळ तेवढेच राहिले. एवढेच पाहिले तर नव्या कार्डात विशेष काही नाही.

पण आणखी दोन आकडे आहेत. कार्डावरची स्मृती २४ वरून ३२ गीगाबाइट झाली, आणि त्या स्मृतीतून गणकांपर्यंत माहिती येण्याचा वेग सेकंदाला १,००८ वरून १,७९२ गीगाबाइट झाला, म्हणजे ७८ टक्के वाढ.

याचा अर्थ भाषिक प्रतिमानाच्या उदाहरणाने कळेल. ७०० कोटी गुणांकांचे प्रतिमान घ्या. प्रत्येकाला दोन बाइट म्हणजे १४ गीगाबाइट. एका वेळी एकाच प्रश्नाचे उत्तर रचताना पुढचा प्रत्येक शब्दखंड काढण्यासाठी हे सगळे गुणांक एकदा वाचावे लागतात. जुने कार्ड सेकंदाला फार तर १,००८ भागिले १४, म्हणजे ७२ शब्दखंड देईल, नवे १२८. इथे नवे कार्ड खरोखर पुढे आहे. १,३०० कोटी गुणांकांचे प्रतिमान घेतले तर २६ गीगाबाइट लागतात. ते नव्यात मावते, जुन्यात मावत नाही. उलट प्रत्येक गुणांक अर्ध्या बाइटात बसवण्याची युक्ती केली, तर ७०० कोटींचे प्रतिमान साडेतीन गीगाबाइटमध्ये येते आणि साध्या कार्डावरही चालते.

जाहिरातीतला आकडा कसा फसवतो, याचा नमुनाही त्याच महिन्यात मिळाला. ५४९ डॉलरचे आरटीएक्स ५०७० हे ४०९० ची बरोबरी करते असे कंपनीने जाहीर केले. ही बरोबरी खेळांतल्या चित्रांच्या संख्येची होती, आणि त्यांतली बरीच चित्रे कार्ड दोन खऱ्या चित्रांच्या मध्ये अंदाजाने भरते. खेळताना डोळ्याला ते चालून जाईल. पण या कार्डाची स्मृती १२ गीगाबाइट आहे. आपले १४ गीगाबाइटचे प्रतिमान त्यात शिरणारच नाही. अंदाजाने भरलेली चित्रे खोडदच्या गुणाकारालाही उपयोगाची नाहीत.

शाळेने काय करावे?

आमचे उत्तर असे. आधी काम लिहून काढावे. 'कृत्रिम बुद्धिमत्ता शिकवायची' हे काम नव्हे. 'बारावीच्या मुलांनी झाडांच्या पानांची छायाचित्रे ओळखणारे छोटे जाळे शिकवायचे' हे काम झाले. मग ते किती स्मृतीत मावते ते मोजावे. एवढे काम बहुधा साध्या संगणकावरही होते, थोडा वेळ जास्त लागतो. आपलेच काम कोणाच्या तरी कार्डावर एकदा चालवून घड्याळ लावून पाहावे. विजेचा हिशोब करावा: ५७५ वॉटचे कार्ड पूर्ण भाराने रोज चार तास, महिन्याचे पंचवीस दिवस चालले तर साडेसत्तावन्न युनिट, तेही एकट्या कार्डाचे. त्यासाठी १,००० वॉटचा वीजपुरवठा-संच लागतो. डहाणूसारख्या समुद्रकाठच्या दमट, खाऱ्या हवेत गरम यंत्राची निगा कोण राखणार, हेही ठरवावे.

इतके करूनही काम मोठे निघाले तर कार्ड जरूर घ्यावे. महाग म्हणून नाकारणे हेही न मोजता घेण्याइतकेच चूक.

शिक्षकांना ही दृष्टी परकी नाही, आणि डहाणूकरांना तर नाहीच. ताराबाई मोडक यांनी अनुताई वाघ यांना सोबत घेऊन १९४५ साली बोर्डीत ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. १९५७ साली ते कोसबाडच्या टेकडीवर गेले. माँटेसरी पद्धतीची साधने महाग होती. त्यांनी प्रत्येक साधन मुलाकडून काय करवून घेते हे पाहिले आणि तेच काम बिया, शिंपले, खडे, पाने यांच्याकडून करून घेतले.

वर्गात करून पाहण्यासारखा एक प्रयोग सुचवतो. मुलांना कोणत्याही दोन कार्डांची माहितीपत्रके द्यावीत. किंमत, वीज, स्मृती, स्मृतीचा वेग आणि गणनवेग या पाच आकड्यांची गुणोत्तरे काढायला सांगावीत. मग तीन वेगवेगळी कामे देऊन, प्रत्येक कामासाठी कोणते गुणोत्तर महत्त्वाचे ते ठरवू द्यावे. त्रैराशिकापलीकडचे गणित त्याला लागत नाही, आणि तासाच्या शेवटी खरेदीचा निर्णय वर्गाने स्वतः घेतलेला असतो.