वत्सगुल्माची मध्यरेषा आणि उत्तर आकाशातील ‘अनियमित’ दीर्घिका : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी म्हणून ते सर्वज्ञात आहे. खगोलशास्त्राच्या इतिहासातील त्याचे स्थान मात्र उपेक्षित राहिले. इ. स. ७ व्या शतकातील पहिल्या भास्कराचार्यांनी ‘महाभास्करीय’ ग्रंथात लंका ते मेरू या मध्यरेषेवरील स्थळांमध्ये अवंतीबरोबर वात्स्यगुल्माचाही निर्देश केला आहे. शहरातील मध्यमेश्वर मंदिराशी हीच परंपरा जोडली जाते. या मध्यरेषेच्या संदर्भात एम ८२ या दीर्घिकेच्या स्थाननिश्चितीचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

मध्यरेषेची मर्यादा :
आधुनिक मोजणीनुसार वाशीम उज्जैनच्या पूर्वेस सुमारे १.३ अंशावर आहे. त्यामुळे कोणतीही ज्योती वाशीमच्या मध्यमंडलावर उज्जैनपेक्षा सुमारे ५ मिनिटे आधी येते. शंकूच्या छायेवरून अक्षांश काढणे प्राचीनांना सुलभ होते. रेखांशासाठी मात्र दोन स्थळांच्या वेळांची तुलना आवश्यक असते. अचूक घड्याळांच्या अभावी ही तफावत राहणे स्वाभाविक होते.

दीर्घिकेचा शोध व स्थान :
३१ डिसेंबर १७७४ रोजी योहान बोडे यांनी बर्लिन येथून एम ८१ व एम ८२ या दीर्घिका शोधल्या. १७८१ मध्ये मेसिए यांनी त्यांचा आपल्या यादीत समावेश केला. एम ८२ ची दृश्यप्रत सुमारे ८.४ असल्याने ती नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. म्हणून प्राचीन ग्रंथांत तिचा उल्लेख शोधणे अनैतिहासिक ठरेल. सप्तर्षीतील पुलस्त्यापासून क्रतूपर्यंतची रेषा तेवढीच पुढे वाढविल्यास ही जोडी सापडते. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात रात्री ९ च्या सुमारास ती वाशीमच्या उत्तर क्षितिजावर सुमारे ४० अंश उंचीवर मध्यमंडल ओलांडते. लहान दुर्बिणीतून एम ८२ लांबट, धूसर पट्ट्यासारखी भासते.

वर्गीकरणातील बदल :
सुमारे १ कोटी २० लक्ष प्रकाशवर्षे दूर असलेली ही दीर्घिका दीर्घकाळ ‘अनियमित’ गणली गेली. २००५ मध्ये अवरक्त निरीक्षणांतून तिच्यात सर्पिल भुजा आढळल्याचे प्रसिद्ध झाले. धूळ आणि आपल्याकडे असलेली तिची कड यांमुळे त्या झाकल्या गेल्या होत्या.

निष्कर्ष :
वत्सगुल्माची मध्यरेषा असो वा दीर्घिकेचे ‘अनियमित’ हे विशेषण, दोन्ही निर्णय तत्कालीन साधनांवर आधारलेले होते. त्यांची फेरतपासणी केल्याने परंपरेचे मोल कमी होत नाही. महाभास्करीयातील उल्लेख वाशीमसाठी गौरवास्पद आहेच. त्याला आजच्या मोजमापाची जोड देणे हे स्थानिक इतिहासलेखनाचे कर्तव्य ठरते.